तळघरातला कोळसा

लंडनजवळचं बेसिंगस्टोक सोडून आम्ही उत्तरेला, स्कॉटलंडच्या हद्दीला लागून असलेल्या गावात घर घेतलं, तेव्हा ओळखीचे विचारायचे, तिथे आहे काय? घर आहे, असं मी सांगायचे. दोघांचंही काम घरून चालतं. तिकडच्या फ्लॅटच्या किमतीत इथे तीन मजले आणि तळघर मिळालं.

हे व्हिक्टोरियन घर धान्याच्या एका व्यापाऱ्याने बांधलं. आम्हाला विकलं त्याच्या नातीने. ती इथेच जन्मली, इथेच म्हातारी झाली, आणि जिने चढवेनात तेव्हा समोरच्या रांगेत तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. मागे कुणी नाही. किल्ल्या देताना तिने घराचा सगळा इतिहास सांगितला: आजोबा कुठल्या खोलीत गेले, आजी कुठल्या खिडकीतून नदीतल्या होड्या बघायची, युद्धात पोटमाळ्यावर कोण शिपाई राहिले. मी मान हलवत होते आणि मनात बॉयलर कुठे बसवायचा ते ठरवत होते.

डिसेंबरच्या शेवटी ती काठी टेकत आली.

"तुझ्या नवऱ्याचे केस काळे आहेत," ती म्हणाली. "एक तारखेला सकाळी त्याला माझ्याकडे पाठव. हातात तुमच्या तळघरातला कोळसा."

या भागात नव्या वर्षी उंबरा ओलांडणारा पहिला माणूस काळ्या केसांचा पुरुष असावा लागतो. त्याने कोळसा आणला की घर वर्षभर उबदार राहतं. आजोबांपासून त्या घरात हे कधी चुकलं नव्हतं.

"घराबाहेरचं हे माझं पहिलंच वर्ष," ती म्हणाली. "कोळसा तरी घरचा असू दे."

मी हो म्हटलं.

एक तारखेला सकाळी मी कोळसा वर्तमानपत्रात गुंडाळून टेबलावर ठेवला. पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी पुडी उघडून बघितली.

"वर्षाच्या पहिल्या दिवशी कोळसा? तोही दुसऱ्याच्या दारात न्यायचा?"

"आई, त्यांची पद्धत आहे."

"असेल. पण माझा मुलगा सणासुदीला हात काळे करून नाही जाणार कुठे."

"मी काय सांताक्लॉज आहे?" नवरा लॅपटॉपमधून डोकं न काढता म्हणाला. "तूच जा ना."

"सवाष्णीने गोड घेऊन जावं," सासूबाई म्हणाल्या. "याहून चांगला शकुन असतो का?"

वाद घालायला मला वेळ नव्हता. बेसनाचे लाडू केलेलेच होते. मी साडी नेसले, कुंकू लावलं, डबा घेतला आणि रस्ता ओलांडला.

तिने दार उघडलं. अंगात ठेवणीतला निळा स्वेटर, गळ्यात मोत्यांची माळ. तिने आधी माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं. मी पाय उचलला तशी ती दारात आडवी आली.

"तिथेच थांब, पोरी," ती म्हणाली. दार लोटून घेत फटीतून हात काढून डबा घेतला, आभार मानले आणि दार लावलं.

घरी येऊन मी म्हटलं, "उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. घर विकलं तरी तोरा गेला नाही." सासूबाई म्हणाल्या, "गोरे ते गोरेच." आम्ही तिघं पोट धरून हसलो. ते हसणं अजून माझ्या कानात आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारीला जेवण करून देणारी बाई रस्त्यात भेटली. काल तिलाही दारातून परत पाठवलं होतं, आणि शेजारच्या बाईलाही. नव्या वर्षी पुरुषाच्या आधी बाई आत आली तर वर्ष वाईट जातं म्हणतात. "कुणाची तरी वाट बघत होती दिवसभर," ती म्हणाली. "खाल्लं काय तर कुणीतरी दिलेली ती पिवळी मिठाई."

मी घरी आले, तळघरात गेले, ढिगातला चांगला मोठा कोळसा निवडला आणि नवऱ्याच्या लॅपटॉपवर ठेवला.

"आत्ताच्या आत्ता ऊठ," मी म्हटलं.  सासूबाईंनी त्याला कोट दिला.

मी फाटकाबाहेर थांबले. तिने दार उघडलं, तेव्हा अंगात तोच निळा स्वेटर होता.

"उशीर केलास," ती त्याला म्हणाली. त्याला आत घेतलं आणि मग माझ्याकडे बघितलं. "आता तूही ये. आता चालेल."

तिच्या फ्लॅटमध्ये शेगडी नाही, विजेचा हीटर आहे. तिने कोळसा दोन्ही हातांत घेतला, हुंगला, आणि हीटरवरच्या फळीवर आजोबांच्या फोटोशेजारी ठेवला. स्वेटरला काळं लागलं, ते तिने झटकलं नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ती नवऱ्याला बॉयलर नीट चालतो का ते विचारू लागली.

निघताना तिने माझा डबा दिला. घासून, पुसून ठेवलेला. आमच्यात डबा रिकामा परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. एरवी मी ते घरी जाऊन बोलून दाखवलं असतं. या वेळी मुकाट्याने घेतला.