गालिच्याची निगा

आमचे थोरले बंधू पुण्यात राहतात, त्यामुळे सिरसाळ्यातल्या घराला काय हवं ते त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं. अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, अर्धांगाचा झटका येऊन गेला आणि त्यानंतर बैठकीतल्या शहाबादी फरशीवरून ते एकदा घसरले. पुढच्या खेपेला बंधूंनी गाडीतून तागाचा गालिचा आणला. भिंतीपासून भिंतीपर्यंत, अस्सल नैसर्गिक धाग्याचा. आई म्हणाली, "म्हंजी पोत्याचाच की." बंधूंनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं.

गालिच्यामागोमाग त्याचे लाड आले. त्याला पाणी लागता कामा नये. काही सांडलं तर पुसायचं नाही, कोरड्या फडक्यानं नुसतं टिपायचं. तेलाच्या डागावर खायचा सोडा भुरभुरायचा आणि ब्रश विणीच्या दिशेनंच फिरवायचा. एवढी पथ्यं अण्णांनासुद्धा डॉक्टरांनी सांगितली नव्हती. रोज बादलीभर पाण्यानं फरशी पुसणारी माझी आई आता गुडघ्यावर बसून कोरडा ब्रश मारायची आणि पुण्याहून व्हिडिओ कॉलवर देखरेख चालायची. "आई, उलटा फिरवतेस."

आता आमची बैठक म्हणजे काय, तर संध्याकाळी रानातून परतणारी चार-पाच माणसं. अण्णांना पारावर जाता येत नव्हतं, म्हणून पारच त्यांच्या खाटेभोवती येऊन बसायचा. पायांना काळी माती, खिशात भुईमुगाच्या शेंगा, बशीतून चहा. यातलं काहीच गालिच्याला मानवणारं नव्हतं. माणसं बिचारी पाय धुऊन आली, तर ओले पाय बघून आईचा जीव खालीवर. मग ती माणसं ओट्यावरच बसू लागली आणि पुढे येईनाशी झाली.

तग धरला तो एकट्या चाचांनी. अण्णांचे लहानपणापासूनचे दोस्त, स्टँडवर केळीचा गाडा लावायचे. ते उंबऱ्याबाहेर उभ्यानंच चौकशी करायचे.

"चाचा, आत या की," मी म्हणायचो.

"नको बाबा, मी हितंच बरा हाय. लई नाजूक मामला हाय तुमचा."

अण्णांची जीभ जड झाली होती. एक वाक्य जुळवायला त्यांना वेळ लागायचा, आणि उभा माणूस तेवढा वेळ थांबत नाही. चाचा निघून जायचे आणि अण्णा अर्ध्या वाक्यावर राहायचे. मला फार राग यायचा. गालिचा मात्र झकास होता. बंधू फोनवर आधी त्याचीच खुशाली विचारायचे.

घटस्थापनेआधी आमच्याकडे दसरा काढतात, म्हणजे घरातली एकूण एक गोधडी, चादर, डबाडुबा धुऊन निघतो. आई गोधड्यांचा ढीग घेऊन बोअरकडे निघाली, तेव्हा अण्णांनी चांगल्या हातातली काठी गालिच्यावर आपटली.

"ह्यो बी काढ."

"अवो, त्याला पानी चालत न्हाई."

"देवाला... चालंल का, बिनधुतलेला?"

इतकं लांब वाक्य त्यांनी कितीतरी दिवसांनी पुरं केलं होतं. देवाचं नाव निघाल्यावर आईपुढे पुण्याचं काय चालणार? शेजारच्या दोघी मदतीला आल्या. साबणचुरा झाला, धोपटणं झालं, वर दिवसभराचं कडक ऊन झालं. संध्याकाळी गालिचा भाजलेल्या पापडासारखा वाकडा होऊन घरात आला. त्याच्यावर तपकिरी ओघळ उमटले होते आणि ओल्या पोत्याचा वास येत होता. वर उचललेल्या कडा आईनं जड पेट्यांखाली दाबल्या, नाहीतर अण्णा परत पडायचे.

दसऱ्याला बंधू आले. बैठकीत पाऊल टाकलं आणि तिथंच खाली बसले. मग हातानं एकेक सुरकुती सपाट करू लागले.

संध्याकाळी सोनं द्यायला चाचा आले आणि सवयीनं उंबऱ्याशीच थांबले. अण्णांनी बंधूंकडे पाहिलं नाही.

"ये बे आत," ते म्हणाले. "खराब झालाय त्यो."

चाचा मातीच्या पायांनी आत आले, खाटेला टेकून मांडी घालून बसले आणि त्यांनी खिशातून शेंगा काढल्या.