आबांचं इंजन आणि कचोरीचं तेल

बायोडिझेल बनवताना बरणी रात्रभर न हलवता ठेवावी लागते. सकाळी वर पिवळं इंधन असतं आणि तळाशी काळपट, चिकट ग्लिसरीन साचलेलं असतं. आमच्या गटाच्या तळाशी किस्से साचतात. ग्लिसरीन निदान काढून टाकता येतं, किस्से नाही! मी कमी बोलते, त्यामुळे सगळ्यांचे किस्से माझ्याकडेच जमा होत गेले.

गट छोटासा. विज्ञानाचे राऊत सर, माझ्या वर्गातली प्रणाली, ओम आणि मी. शेलूबाजारच्या हॉटेलांतलं वापरलेलं तेल आणायचं, त्याचं इंधन करायचं आणि त्यावर खरंखुरं डिझेल इंजन चालवून दाखवायचं, असा आमचा प्रकल्प.

*

पहिली अडचण तेलाचीच आली. स्टँडजवळच्या बबनकाकांच्या कचोरीला सकाळपासून गर्दी असते. सरांनी भर गर्दीत विचारलं, "काका, तुमच्याकडे जुनं, जळकं तेल मिळेल का?"

काकांचा झारा हवेतच थांबला. "माह्या इथं जळकं तेल? कोनं सांगतलं तुमाले?"

सर समजावू लागले, तसे काका आणखी चिडले. गिऱ्हाइकं खाणं सोडून ऐकत होती. शेवटी प्रणाली पुढे झाली. "काका, तसं नाही. तुमचं तेल इतकं दमदार आहे की त्याच्यावर इंजन चालते म्हणतात सर!"

काका एकदम खूश. आतून भरलेला डबा काढून दिला. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते, "खा बिनधास्त! याच तेलावर इंजन चालते, शाळेचे सर घेऊन जातात!"

एका माणसाने हातातली कचोरी हळूच बशीत ठेवली. ते मी पाहिलं.

*

तेल गाळायचं, मग तापवून त्यातलं पाणी पूर्ण उडवायचं, आणि त्यानंतरच पुढचं काम. मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालायचं काम सर स्वतः करायचे, व्हरांड्यात, हातमोजे आणि चष्मा लावून. आम्हाला दूर उभं करायचे.

तेल तापवणं ओमकडे होतं. त्या दिवशी कबड्डीची मॅच होती. तेलाचे बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहायची, हे त्याला माहीत होतं. पण मैदानावरून हाका येत होत्या! त्याने गॅस बंद केला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी बरणीत इंधन नव्हतं, ग्लिसरीनही नव्हतं. पिवळा, घट्ट, लापशीसारखा गोळा होता. तेलात पाणी राहिलं की कॉस्टिक सोडा त्याचा साबण करतो.

सरांनी बरणी उलटी केली. एक थेंबही पडला नाही.

"ओम," सर शांतपणे म्हणाले, "आपल्याला इंजन चालवायचंय. त्याला आंघोळ नाही घालायची."

*

इंधन जमू लागलं, पण इंजन कोणी देईना. आम्ही ट्रॅक्टरचं नाव काढताच प्रणालीच्या बाबांनी विषय बदलला. ओमच्या मामांनी तर घरी नसल्याचं आतूनच सांगितलं!

सर वर्गात म्हणाले, "इंजन नसेल तर प्रकल्प इथेच थांबतो."

मी म्हणाले, "आमचं आहे."

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "कोण बोललं?"

प्रणालीने माझ्याकडे बोट दाखवलं. ओम म्हणाला, "सर, हिचा आवाज असा आहे?"

*

बोलून तर बसले, पण इंजन माझं नव्हतं. माझ्या आजोबांचं, म्हणजे आबांचं. ते विहिरीवर असतं. लाईन गेली की आमची वांगी आणि मेथी त्याच्याच भरवशावर. पोळ्याला बैलांच्या बरोबरीने आबा इंजनालाही गेरू लावतात आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. त्याच्या टाकीचं झाकण घरात दुसऱ्या कोणी उघडायचं नाही. माझ्या सख्ख्या काकांनीसुद्धा नाही.

मी सगळं सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं.

"कचोरीचं तेल? माह्या इंजनात?"

"तेल नाही आबा, त्याचं इंधन. नीट झालं असेल तर काही होत नाही."

"अन् नीट नसन झालं तं?"

"मग फिल्टर तुंबतो. इंजन बंद पडू शकतं." खोटं बोलता आलं नाही.

आबांनी टाकीचं झाकण घट्ट आहे ना ते पाहिलं. मग म्हणाले, "घेऊन ये तुह्या सरले. पन आयक, माहं इंजन एकदा जरी खोकललं ना, तं तुहं ते सायन्स बंद. मंग मेथीच्या जुड्या बांधाच्या गपचिप."

*

त्या दिवसापासून इंधन तपासायचं काम मी मागून घेतलं. पद्धत सोपी आहे. बाटलीत अर्धं इंधन, अर्धं पाणी. झाकण लावून जोरात हलवायचं आणि ठेवून द्यायचं. थोड्या वेळात खाली पाणी, वर इंधन आणि मध्ये स्वच्छ रेघ दिसली तर पास. ताकासारखं पांढरं झालं तर नापास. त्यात साबण तरी आहे, नाहीतर बदल न झालेलं तेल तरी.

मी घरीही बाटली हलवत बसायचे. आई येता-जाता विचारायची, "निघालं का वं लोणी?"

*

प्रात्यक्षिकाचा दिवस आला. विहिरीवर मुख्याध्यापिका बाई, दोन पाहुणे, अर्धं गाव. बबनकाका कचोऱ्यांचं टोपलं घेऊन आले होते, "आपलंच तेल हाय" म्हणत. आबा नवा सदरा घालून इंजनाशेजारी उभे होते.

आदल्या दिवशी इंधन पाण्याने धुऊन त्यातला साबण काढायला वेळ कमी पडला होता. सर म्हणाले होते, "चालेल एवढं." नारळ फुटला. आबांनी झाकण उघडलं. सरांनी कॅन उचलला. उन्हात मला ते इंधन किंचित धुरकट दिसलं.

सगळे टाळ्या वाजवायच्या तयारीत होते.

"थांबा," मी म्हणाले.

या वेळी "कोण बोललं?" असं कोणी विचारलं नाही. मी बाटली काढली, इंधन घेतलं, पाणी घेतलं, हलवलं. सगळ्यांच्या देखत ताक झालं.

सरांनी कॅन खाली ठेवला. "माझी घाई झाली," ते म्हणाले. "बरोबर आहे तिचं."

"मग आता काय दाखवणार?" बाईंनी विचारलं.

"आता कचोरी," बबनकाका म्हणाले आणि टोपलं उघडलं.

आबांनी झाकण घट्ट लावलं. माझ्याकडे न बघता मेथीच्या वाफ्याकडे निघून गेले. मला वाटलं, संपलं आपलं सायन्स.

*

पुढचं इंधन आम्ही पुन्हा पुन्हा धुतलं, तापवून कोरडं केलं. बाटलीत रेघ अशी आली की पट्टीने मारल्यासारखी! सर आबांना सांगायला गेले, तर आबा एवढंच म्हणाले, "आना."

पाहुणे नाहीत, नारळ नाही. सरांनी ते डिझेलमध्ये मिसळून टाकीत ओतलं. आबांनी हँडल मारलं. इंजन दोनदा फुरफुरलं. मी डोळे मिटले. मग टक टक टक टक, रोजच्यासारखं. न खोकता! वांग्यांच्या सरीत पाणी धावलं आणि सगळ्या मळ्यात तळणाचा वास सुटला.

बांधापलीकडून हाक आली, "आबा, भजे काढून राह्यले काय?"

"नाइ बा! वांग्याले पानी देऊन राह्यलो!"

*

आणि हा किस्सा मागच्या आठवड्यातला. लाईन नव्हती. शाळेतून आले तर माझे काका विहिरीवर वैतागून बसलेले. समोर डिझेलचा भरलेला कॅन, पंपावरून आणलेला. आबा टाकीच्या झाकणावर हात ठेवून उभे. मेथी माना टाकत होती.

"दुपारपासून बसून राह्यलो," काका म्हणाले. "सांग तुह्या आबाले काही!"

"आबा, टाकलं काहून नाही?" मी विचारलं.

"आबा, हे पंपावरचं हाय!" काका ओरडले. "पंपावरचं! पावती हाय माह्या जवळ!"

"असन," आबा म्हणाले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून माझी बाटली काढली आणि माझ्या हातात दिली. "तू हालव वं बाई."