दहापैकी तीन

डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला गट प्रकल्प आला आणि मला तर गट या शब्दाचीच चीड होती. शाळेपासूनचा माझा अनुभव एकच. कागदावर चार नावं आणि राबणारी एकटी. ती एकटी म्हणजे मी. त्यामुळे मॅडमनी फळ्यावर गट लिहिले तेव्हा मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. आमच्या गटात तिघी. मी नरपडची. दुसरी डहाणू गावातली, घरी गुजराती बोलणारी. चित्रं अशी काढायची की बघत राहावं, पण स्वभावाने इतकी गरीब की कुणी पायावर पाय दिला तर हीच सॉरी म्हणेल. तिसरी तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ गावातली, आमच्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, दोन मुलांची आई. तिला सगळा वर्ग ताई म्हणायचा.

प्रकल्प असा होता. पहिलीच्या मुलांसाठी संख्याज्ञानाचं साहित्य तयार करायचं आणि नेमून दिलेल्या सरावशाळेत जाऊन ते वापरून तिघींनी मिळून एक पाठ घ्यायचा. एकूण पन्नास गुण. तीस मॅडम देणार, तिघींना सारखेच. उरलेले वीस आम्हीच एकमेकींना द्यायचे. प्रत्येकीने बाकीच्या दोघींना दहापैकी गुण द्यायचे, शेजारी शेरा लिहायचा, आणि पाठाच्या आदल्या दिवशी कागद बंद पाकिटात घालून मॅडमकडे द्यायचा. पास व्हायला पंचवीस हवेत.

पंचवीस म्हणजे काय मोठंसं, असं आम्हाला वाटायचं. ताईचं तसं नव्हतं. त्या वर्षी, २०१८ च्या दिवाळीनंतर, आमच्याकडे जमीन हलायला लागली होती. नरपडला नुसती मांडणीवरची भांडी वाजायची. तलासरीकडे मात्र घरांना तडे गेले, माणसं अंगणात ताडपत्री बांधून झोपू लागली. ताईच्या घरीही तेच. थंडीने पोरं आजारी पडली आणि तिच्या गैरहजेऱ्या वाढत गेल्या. मॅडमनी आमच्या दोघींच्या देखतच तिला सांगितलं, "हजेरीचं मी बघते. पण या प्रकल्पात पास व्हायलाच हवं. नाहीतर वर्ष परत करावं लागेल." बाहेर व्हरांड्यात आल्यावर ताई म्हणाली, "परत वर्ष म्हणजे संपलंच. घरचे एकदा हो म्हणाले, दुसऱ्यांदा म्हणायचे नाहीत." म्हणजे मला सगळं माहीत होतं. हे आधीच सांगून टाकते, मागाहून सारवासारव नको.

शनिवारी दुपारी आमच्या घरी जमायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. आठ मोठे तक्ते करायचे, कशावर झाड, कशावर पक्षी, कशावर मासे, आणि त्यात आकडे. हेही मीच ठरवलं. डहाणूवाली "सारू, सारू" म्हणत कामाला लागली. मॅडम म्हणाल्या होत्या, आधी एकदा सरावशाळा बघून या. मी म्हटलं, शाळेत काय बघायचंय? चार भिंती, एक फळा आणि पोषण आहाराची खोली. एक शनिवार फुकट जाईल.

पहिल्या शनिवारी ताई तासभर उशिरा आली, आणि साडेतीनलाच उठली. अंधार पडायच्या आत तिला घर गाठायचं होतं. दुसऱ्या शनिवारी आलीच नाही. तिसऱ्या शनिवारी आली ती एक पिशवी घेऊन. पिशवीत चिंचोके आणि बांबूच्या कामट्या. ते सगळं तिने आमच्या ओटीवर ओतलं आणि म्हणाली, "हे खाली मांडून करू ना काही. तक्ते नकोत."

"ताई, हे अंगणवाडीचं झालं," मी म्हटलं. "आपल्याला गुण पडायला हवेत."

"पण तक्ते लावणार कुठे? भिंतीजवळ कोण बसतंय आता?"

मी ऐकलं. नीट ऐकलं. पण तेव्हा डहाणूवालीने बगळ्याची चोच निळी रंगवली होती आणि माझं सगळं लक्ष त्या चोचीकडे होतं. "अगं बाई, निळी चोच कुठे बघितलीस तू?" असं म्हणत मी तिच्या हातातला ब्रश काढून घेतला. ताईने चिंचोके परत गोळा करून पिशवीत भरले. मग तिने रंग हातात घेतला, तर मी म्हटलं, "राहू दे, बाहेर जाईल. तू बॉर्डरच्या रेघा मार." रेघा मारून झाल्या तेव्हा त्या मला वाकड्या वाटल्या, म्हणून ती गेल्यावर मी त्या खोडून पुन्हा मारल्या.

तर पाकिटाचा दिवस आला. मी फार चिडलेली होते. आठवडाभर डोळे फुटेस्तोवर काम केलं होतं, आणि ही बाई येते काय, चहा पिते काय, जाते काय! मी ताईच्या नावासमोर तीन लिहिले. शेरा लिहिला, "काम केले नाही." डहाणूवालीने हळूच विचारलं, "ताईला किती देऊ?" मी म्हटलं, "पाचाच्या वर नको." तिने पाच लिहिले. माझ्या सांगण्यावरून लिहिले. मी पाकीट थुंकी लावून चिकटवलं आणि मला अगदी बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमबरोबर जीपने शाळेवर गेलो. शाळेला कुलूप. दाराशेजारच्या भिंतीत हातभर लांब तडा. मुलं समोरच्या मैदानात कापडी मांडवाखाली सतरंजीवर बसलेली. गुरुजी म्हणाले, "महिना झाला, वर्ग बाहेरच." मी ताईकडे बघितलं. ती पोरांशी बोलत होती. तिच्या शेजारच्याच पाड्यातली शाळा ती, अर्ध्या पोरांना ती ओळखत होती.

माझ्या पिशवीत आठ तक्ते, सुतळी, चिमटे, खिळे आणि हातोडी. खिळे! कुठे ठोकणार, डोंबलावर? पण हार मानेन तर मी कसली. मांडवाच्या दोन खांबांना सुतळी बांधली आणि तक्ते चिमट्यांनी लटकवले. वारा सुटलेला. झाडाचा तक्ता उलटा झाला, माशांचा फडफडायला लागला. मी एका हाताने तक्ता धरून दुसऱ्या हाताने पट्टी फिरवत ओरडून विचारतेय, "किती मासे? मोठ्याने सांगा, किती?" आणि पोरं माझीच गंमत बघतायत. मग एक चिमटा सुटला, पक्ष्यांचा तक्ता सरळ मैदानात उडाला आणि अख्खी पहिली त्याच्यामागे धावली. मॅडम खुर्चीवर बसून लिहीत होत्या. डहाणूवाली रडकुंडीला आली होती. मला तर वाटलं, या जमिनीने आत्ता हलावं आणि मला पोटात घ्यावं.

ताई उठली. मला काही विचारलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. तिने सुतळीवरचे तक्ते एकेक करून काढले, सतरंज्या बाजूला सारून जमिनीवर पसरले आणि पोरांना त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं. पोरं धावत जाऊन उडालेला तक्ता आणि दगड घेऊन आली, कोपऱ्याकोपऱ्यावर ठेवले आणि गोल करून बसली. ताईने आपल्या पिशवीतून चिंचोके काढले. ती पिशवी तिने आजही आणली होती. जितके मासे तितके चिंचोके माशांवर ठेवायचे. मग शेजाऱ्याने ते मोजायचे, आणि चुकलं तर दोघांनी मिळून पुन्हा. बघता बघता पोरं कागदावर ओणवी झाली. बगळ्याच्या चोचीवरून तर भांडण झालं, कारण प्रत्येकाला तिथेच चिंचोका ठेवायचा होता.

एका तक्त्याला दगड कमी पडला. ताई मला म्हणाली, "तू त्या कोपऱ्यावर बस बाय. उडतोय तो."

मी बसले. डहाणूवाली पोरांबरोबर मोजत होती, चुकलेल्यांना हसवत होती. तिचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. पाठ संपेपर्यंत माझं काम एकच, कागदावर दगड होऊन बसणं. लाज वाटली, राग आला, आणि त्या दोघी किती छान शिकवतायत हेही दिसत होतं. तिन्ही एकदमच.

परतताना जीपमध्ये मला ते पाकीट आठवलं. कॉलेजवर उतरल्यावर बाकीच्या दोघी पुढे गेल्या, आणि मी मॅडमना गाठलं. म्हटलं, "मॅडम, मला ताईचे गुण बदलायचेत."

"का?"

"चुकीचे दिले."

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "गुपचूप दिलेत, आता गुपचूप बदलायचेत? तसं नाही चालायचं. उद्या तिघी या. तिच्यासमोर सांगा, मग बदला."

त्या रात्री मी जेवले नाही. तिच्यासमोर काय सांगणार? तुझं वर्ष जाणार हे माहीत असून मी तीन लिहिले, असं? सकाळपर्यंत मी दहा सबबी तयार केल्या आणि मॅडमच्या टेबलासमोर उभी राहिल्यावर त्यातली एकही तोंडातून निघाली नाही. म्हटलं, "ताई, मी तुला तीन दिलेत. आणि हिला मीच सांगितलं पाचाच्या वर देऊ नको म्हणून." डहाणूवाली खाली मान घालून उभी.

ताई म्हणाली, "तीन असतील असं वाटलंच होतं मला."

मॅडमनी पाकिटं फोडली आणि बेरीज केली. पाठाचे आम्हाला तीसपैकी सोळा. "शाळा न बघता साहित्य केलंत. ताईंनी सावरलं म्हणून सोळा, नाहीतर दहाच्या वर गेले नसते," त्या म्हणाल्या. सोळा, पाच आणि माझे तीन. ताईचे झाले चोवीस. एका गुणाने नापास. आपण केलं काय हे तेव्हा मला आकड्यात दिसलं.

मॅडमनी माझा कागद माझ्यापुढे सरकवला. मी तीन खोडले आणि दहा लिहायला गेले. ताईने माझं मनगट धरलं.

"दहा नको. मी उशिरा येत होते, एकदा आलेही नाही. खरं असेल तेवढं लिही."

मी सात लिहिले. "काम केले नाही" हा शेरा खोडला आणि शेजारी सही केली. अठ्ठावीस. डहाणूवालीने मोठा श्वास सोडला. ताईने पदराने तोंड पुसलं. डोळेही पुसले असतील, मला नीट बघवलं नाही.

मग मॅडमनी ताईचा कागद तिच्यापुढे ठेवला. "तुम्हाला काही बदलायचंय?"

तेव्हा मला दिसलं, माझ्या नावासमोर चार होते. शाळेपासून आजवर मला कुणी दहापैकी चार दिले नव्हते. मला वाटलं, आता ती खोडेल. मी तिचे वाढवले, ती माझे वाढवेल. खरंच तसं वाटलं मला, उभ्या उभ्या.

ताईने कागद पूर्ण वाचला, बोट ठेवून. "नाही मॅडम," ती म्हणाली. "चारच असू द्या."

तिने कागद माझ्याकडे फिरवला. शेऱ्याच्या रकान्यात तिच्या सरळ, सुट्या अक्षरांत लिहिलं होतं, "खूप काम करते. दुसऱ्याला करू देत नाही."

बघितल्याची सही खाली करायची होती. मी केली.