भागीरथाबाईचं कोपनहेगन

भागीरथाबाईनं जन्मात चांद्याचा किल्ला पाहिला नव्हता, पण कोपनहेगन तिला तोंडपाठ होतं. हसू नका. सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात मी मास्तर, आणि टपालाचं लचांडही माझ्याच गळ्यात. तिची सगळी कार्डं मीच वाचून दाखवली आहेत.

तिचा एकुलता एक पोरगा गुणवंता, शेतकी शिकलेला. पंचावन्न साली सरकारनं त्याला दूधसंघाचं काम शिकायला वर्षभर डेन्मार्कला धाडलं. घरी म्हातारी आणि एकोणीस वर्षांची सून कमळा. महिन्याला एक चित्राचं कार्ड यायचं. पायऱ्याच नसलेला गोल बुरूज आला तेव्हा म्हातारी म्हणाली, "मंग बैलबंडी नेत असन वरी!" एकदा समुद्राकाठी दगडावर बसलेली, माशाच्या शेपटीची काशाची पोरगी आली. "एकटीच बसून राह्यली बिचारी. काऊन, कोनी नाई काय तिले?" बांधीत धानाचा रोवणा करताना ती बायांना लाल-पिवळ्या घरांचं बंदर आणि केसाळ टोप्यांचे शिपाई असे सांगायची, की कालच जाऊन आली. मी वैतागायचो, पण ऐकायचो.

माघातल्या कार्डात गुणवंतानं लिहिलं, शहर सोडून खेड्यात चाललो, नवा पत्ता पुढच्या कार्डात.

ते पुढचं कार्ड आलं तेव्हा मी नेमका चांद्याला, मास्तरांच्या सभेला. टपाल आणणाऱ्या झिंगूनं ते थेट तिच्या हातात दिलं. कार्डाचा कोपरा फाटलेला. परदेशी तिकिटाच्या लोभानं वाटेत कोण्या मेल्यानं कोपऱ्यासकट ओढलं असणार. पण आमच्याकडं मौतीच्या पत्राचा कोपरा लिहिणाराच फाडतो, आणि असलं पत्र घरात नेत नाहीत. म्हातारीनं ते दारातच फाडून नाल्यात सोडलं, आंघोळ केली. शेजारणींनी कमळाच्या बांगड्या फोडल्या.

मी परतलो आणि म्हातारीवर ओरडलो. "अगं बाई, वाचू तरी द्यायचं होतंस!"

"मौतीचं काय वाचाचं, मास्तर? कोपरा सांगते नं सारं."

नवा पत्ता नाल्यात गेला होता. तार करायची तर कुठं? खुशाली कळव एवढंच लिहून मी जुन्या पत्त्यावर पत्र टाकलं. दोन महिने ना उत्तर, ना कार्ड. माझाही धीर सुटत चालला.

वैशाखात कमळाचा बाप मुखरू राजुऱ्याहून आला. पोरीचा पाट लावायचा म्हणाला, माणूस पाहून ठेवलेला.

"उत्तर येईपर्यंत थांबा," मी हात जोडले.

"अजून किती दिस, मास्तर?"

कमळा खांबाला धरून उभी. "मी नाई जात," म्हणाली. भागीरथाबाईनंच तिचा हात खांबावरून सोडवला. "जाय माय. मी पिकलं पान. माह्यामागं तुले कोन आहे?" पोरगी हमसाहमशी रडत बंडीत बसली. गावातला एकटा शिकलेला मी, नुसता पाहत राहिलो. आजही स्वतःची चीड येते.

ती गेली, चौथ्या दिवशी पाट लागल्याचं कळलं, आणि नवव्या दिवशी पाकीट आलं. अक्षर गुणवंताचं! मी धावतच म्हातारीकडं गेलो, वाचलं. खेड्यात चित्राची कार्डं मिळत नाहीत, म्हणून लिहिलं नाही. आज शहरात आलो, जुन्या पत्त्यावर मास्तरांचं पत्र मिळालं. मी खुशाल आहे. सोबत दिव्यांच्या बागेचं कार्ड कमळासाठी.

"जित्ता आहे! माहं लेकरू जित्तं आहे!" म्हातारी रडली, हसली, माझे पाय धरायला वाकली. मग तिनं कमळाचं ते कार्ड हातात घेतलं आणि पदराखाली सरकवलं.

"कागद घ्या, मास्तर. लिहा, सारे बरे आहोत."

"आणि कमळा?"

"कमळाबी बरी आहे."

माझा हात थांबला.

"लिहा नं! खोटं थोडीच आहे? नवरा बरा भेटला म्हनते लोकं तिले."

मी लिहिलं.