वामनरावांचं परग्रहावरचं यंत्र

'पारशिवनीच्या शेतात सापडलं परग्रहावरचं यंत्र' असा व्हिडिओ खापरखेड्याच्या प्रेमिलाबाईंच्या मोबाइलवर आला आणि त्या दचकल्याच. कूलरचा पंखा, स्कूटरची रिंग, त्यावरचं ते जाडजूड वेल्डिंग. रानडुकरं पळवायला त्यांच्या नवऱ्यानं, वामनरावांनी, भाच्याच्या शेतात उभं केलेलं, वाऱ्यावर खडखडणारं यंत्र होतं ते. वामनरावांना जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

"तुले हे कोनं पाठवलं?" असं एकेकाला विचारत प्रेमिलाबाई आठवड्याभरात पारशिवनीच्या रोशनच्या मोबाइल दुकानात पोहोचल्या. त्यानंच आपल्या जुन्या व्हिडिओवर भीतीदायक संगीत चढवलं होतं.

"मजाक केली, काकू. आताच काढून टाकतो," तो ओशाळून म्हणाला.

"ते राहू दे. बिनसंगीताचा आहे का तुह्याजवळ?"

होता. त्यात वामनराव म्हणत होते, "थांब गा रोशन, वारा येऊ दे." मग मिनिटभर ते पात्यांबद्दलच सांगत राहिले. आपलं नाव येईल म्हणून प्रेमिलाबाईंनी शेवटपर्यंत कान लावला. नाव काही आलं नाही.

"पुन्हा लाव गा," त्या म्हणाल्या.