परगावातला कडुलिंब

त्या दिवशी मला सांभाळलं ते गुवाहाटीच्या फळबाजारात पेट्या ठोकणाऱ्या एका म्हाताऱ्यानं. मूळचा आमच्याच शेंदूरजनाघाटकडचा. मी त्याला काका म्हणतो, नाव अजून विचारलेलं नाही.

संत्र्याचा ट्रक घेऊन मी सकाळी पोचलो, तोच घरून भावाचा फोन आला. बाप गेला होता. "तुह्यासाठी थांबता येत नाही, दुपारी नेतो," म्हणाला. घर तीन दिवसांच्या वाटेवर. आठवीत शाळा सोडलेला मी, तिथल्या आसामी-इंग्रजी पाट्याही मला वाचता येत नव्हत्या. गाडीच्या चाकाला टेकून बसून राहिलो.

शेजारीच पेट्या ठोकणाऱ्या त्या म्हाताऱ्यानं फोनवरचं माझं बोलणं ऐकलं होतं. त्यानं तोंडातले खिळे काढले. "काहून बसून राहिला बे? मातीवरून आल्यावर आपल्याकडे कडुलिंबाचा पाला चावतेत ना? चाल, पाहू."

"मी मातीले गेलोच नाही, काका."

"म्हणूनच म्हणतो, चाल."

मग दिवसभर त्या चढउतारांच्या शहरात आम्ही कडुलिंब शोधत हिंडलो. तो हात मागे बांधून सावकाश चढायचा आणि दर वळणाला थांबून खाली ब्रह्मपुत्रेकडे बघायचा. सुपारी होती, फणस होता, कडुलिंब नव्हता. ऊन उतरताना एका टेकडीवरच्या कुंपणात सापडला. पाला चावला आणि मला पहिल्यांदा रडू आलं. त्यानंही दोन पानं तोंडात टाकली.

"तुमी काहून, काका?"

"माहा बाप गेला, ते मले वर्षभरानं समजलं. तुह्यासंग त्याचंबी करून टाकतो."

त्याच्या मागं कोणी नाही. आता दर खेपेला बाजारात शिरलो की आधी तो दिसतो का, ते बघतो. त्याची वेळ येईल तेव्हा मी कुठंही असलो तरी येईन आणि त्याला खांदा देईन.