मावशीची निळी सिल्की

मुलीच्या पावडरीचा पफ हाती लागला की मला कळव्याच्या मावशीची पिल्लं आठवतात. कोंबडीची जात सिल्की. पिसं पिंजलेल्या कापसासारखी, कातडी काळीभोर. काळी आणि निळसर राखी पिल्लं लहानपणी सारखीच दिसतात, पण मावशी पहिल्याच दिवशी ओळखून पायात दोरा बांधायची. काळीला तांबडा, निळीला पांढरा. ती कधी चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंना तिने निळं पिल्लू द्यायचा शब्द दिला होता. त्या यायच्या दिवशी मी, कॉलेजात जाणारा चांगला घोडा, दोन पिल्लांचे दोरे गुपचूप बदलून ठेवले.

मावशीने पांढऱ्या दोऱ्याचं पिल्लू उचललं, दारातल्या उन्हात नेलं आणि त्याच्या पोटावर हलकी फुंकर मारली. मऊ लव दुभंगली.

"हे नव्हे हो बाई. हे काळं होणार. दोरे बदललेत कुणीतरी."

"कुणी?"

"पिल्लाचा रंग पोटावर कळतो," मावशी म्हणाली, "आणि आमच्या भाच्याचा कानांवर. बघा, कसे लाल झालेत."

त्या फुंकरीने मी कितीतरी वर्षं थक्क होतो. आता वाटतं, फुंकर मारायच्या आधीच तिने माझे कान पाहून घेतले होते, आणि तरीही ती फुंकर काय ऐटीत मारली होती.